सिचुआनचे पांडे आणि दादाचा बांबू

मंगळवार : चेंगडू

चेंगडूत सूर्य क्वचितच दिसतो. सिचुआनचं हे खोरं चहूबाजूंनी डोंगरांनी वेढलेलं आहे. ढग आत शिरतात आणि मुक्काम ठोकतात. इथली कुत्री सूर्य दिसला की घाबरून भुंकतात, अशी जुनी चिनी म्हणच आहे. आम्ही उतरलो तेव्हा नोव्हेंबरातली भर दुपार होती, तरी त्यान्फू विमानतळाबाहेरच्या गाड्यांचे दिवे लागलेले होते.

मुंबईहून क्वालालंपूर आणि तिथून चेंगडू. विमानतळ नवा, २०२१ सालचा, शहरापासून पन्नासेक किलोमीटर लांब. पण मेट्रोची १८ नंबरची लाइन थेट शहरात आणून सोडते, त्यामुळे आल्या आल्या टॅक्सीवाल्याशी खाणाखुणांत बोलायची वेळ आली नाही. पहिला पांडा मेट्रोतच दिसला, समोर बसलेल्या मुलीच्या हेअरबँडवर. मग चहाच्या कपावर, छत्रीवर, हॉटेलातल्या चपलांवर. शहराच्या मधोमध आयएफएस नावाचा मॉल आहे, त्याच्या कठड्याला पंधरा मीटर उंचीचा एक पांडा लोंबकळतोय. रस्त्यावरून त्याचं फक्त ढुंगण दिसतं. तोंड बघायचं तर मॉलच्या गच्चीत जावं लागतं, आणि गच्चीत जायला अख्ख्या मॉलमधून. धंदा कसा करावा हे या लोकांना सांगायला नको.

माझ्यासोबत दादा होता. वनखात्यातून निवृत्त झालेला माझा मोठा भाऊ. नोकरीतली बरीच वर्षं त्याने गडचिरोलीत बांबूच्या कूपांवर, म्हणजे तोडीसाठी आखलेल्या जंगलाच्या पट्ट्यांवर, काढली. पांडे बघायला जाऊ या का, असं मी फोनवर विचारलं तेव्हा त्याने उलट विचारलं, "तिथे कोणता बांबू आहे?" मला वाटलं चेष्टा करतोय. तो चेष्टा करत नव्हता.

संध्याकाळी जेवायला बसलो. दादा पक्का शाकाहारी, त्यामुळे मोबाइलवरच्या भाषांतराच्या ॲपमध्ये 'मांस नको, मासे नको, मांसाचा रस नको' हे वाक्य आधीच साठवून ठेवलं होतं. तरी टोफूत खिमा आहे का ते विचारून घ्यावं. इथल्या प्रसिद्ध मापो टोफूत तो बहुधा असतोच. वांगी आणि बटाट्याच्या काचऱ्या आल्या. पहिल्याच घासाला ओठ बधिर. दादा घाबरला. मी मात्र ओळखलं, कारण माझं सासर वेंगुर्ल्याचं. सिचुआन मिरी आणि आपलं तिरफळ एकाच कुळातल्या झाडांची फळं आहेत. आपण बांगड्याच्या तिखल्यात चार-पाच ठेचून टाकतो, इथे मूठभर पडतात.

बुधवार : चेंगडूचं पांडा प्रजनन संशोधन केंद्र

तिकीट ५५ युआन, आधी ऑनलाइन काढायचं, पासपोर्टचा नंबर देऊन. फाटकावर पासपोर्टच तपासतात. मेट्रोच्या ३ नंबरच्या लाइनवर 'पांडा अव्हेन्यू' स्टेशनला उतरून पुढे बस. सकाळी साडेसातला फाटक उघडतं आणि त्याच वेळी पोचावं, कारण पांडे सकाळी खातात आणि मग झोपतात. उन्हाळ्यात तर पारा २६ अंशांच्या पुढे गेला की त्यांना आत एसी खोल्यांत घेतात. जुलै-ऑगस्टमध्ये आलेल्या माणसाला काचेपलीकडचं एक झोपलेलं गाठोडं दिसतं. शाळेच्या सुट्या बघून सहली ठरवणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

फाटकातून आत शिरलं की दोन्ही बाजूंनी बांबू रस्त्यावर वाकलेला. लोक त्याच्याखालून धावत सुटले होते. दादा थांबला. "बेट कुठाय?" म्हणाला. आपला मानवेल काय किंवा कटांग काय, बेट करून वाढतो, एका जागी दाटीने. इथल्या बऱ्याच जाती जमिनीखालून मुळं पसरवतात आणि काठ्या सुट्या सुट्या वर येतात. त्याने एक काठी बोटांनी दाबून पाहिली, पेरं मोजलं, आणि मी हात धरून ओढेपर्यंत हलला नाही.

पहिला पांडा दिसला तेव्हा मी काय म्हणाले ते आठवत नाही. तो आमच्यापासून वीस-पंचवीस फुटांवर लाकडी मचाणाला पाठ टेकून, पाय पसरून बसला होता. पोटावर बांबूच्या काठ्यांचा ढीग. एक काठी उचलायची, नाकाशी न्यायची, पसंत नाही पडली तर फेकायची. पसंत पडली की दातांनी हिरवी साल ओढून बाजूला, आत पांढरा गर, कडाकड चार घास. ऊस सोलून खाणारं पोर जसं खातं, अगदी तसं, आणि आवाजही तोच. हाताकडे पाहिलं तर काठी चक्क मुठीत धरलेली. अस्वलाच्या पंजाला अंगठा नसतो. पांड्याच्या मनगटातलं एक हाड वाढून अंगठ्याचं काम करायला लागलं आहे. पाच बोटं वेगळीच आणि हा सहावा.

हा प्राणी अस्वलाच्या कुळातला, आतडं मांसाहाऱ्याचं, आणि खातो बांबू. त्यामुळे खाल्लेल्यातलं जेमतेम सतरा टक्के अंगी लागतं, बाकीचं तसंच बाहेर. म्हणून दिवसाचे दहा ते चौदा तास खायचं, बारा किलोपासून ते अडतीस किलोपर्यंत. कोंबांच्या दिवसांत आकडा मोठा, कारण कोंबात पाणीच जास्त. उरलेला वेळ झोप. चरबी साठत नाही, म्हणून थंडीत इतर अस्वलांसारखं गुहेत पडून राहणंही परवडत नाही. 'आळशी, गोंडस' म्हणून आपण ज्याला हसतो त्याचा सगळा हिशेब असा काठावरचा आहे.

प्रसूतिगृहाच्या काचेपाशी दोन-तीन महिन्यांची पिल्लं ओळीने पालथी पडली होती. जन्मतात तेव्हा ती शंभर ग्रॅमच्या आसपास असतात, आईच्या वजनाच्या सुमारे नऊशेव्या हिश्श्याची. गुलाबी, आंधळी, बिनकेसांची. मादी वर्षातून एकदाच माजावर येते, तेही एक ते तीन दिवस. जवळपास निम्म्या वेळा जुळी होतात आणि आई त्यातलं एकच सांभाळते. जंगलात दुसरं मरतं. इथल्या लोकांनी १९९०च्या दशकात त्यावर तोड काढली. एक पिल्लू आईजवळ, दुसरं उबवणपेटीत, आणि काही तासांनी गुपचूप अदलाबदल. आईला वाटतं एकच आहे, आणि दोन्ही तिच्या दुधावर वाढतात. इथे आज दोनशेंहून जास्त पांडे आहेत, त्यामागे हे कसब आहे.

मग हुआहुआ. २०२० च्या जुलैत इथेच जन्मलेली ही मादी चीनमधली सर्वांत लाडकी. मान जवळजवळ नाहीच, पाय आखूड, चालणं डुगडुगतं. तिच्यासाठी वेगळी रांग आहे आणि ती तासन्‌तास चालते. पुढे गेल्यावर तीन मिनिटं मिळतात. पहारेकरी तोंडावर बोट ठेवून सगळ्यांना गप्प करतात. मी रांगेत उभी राहिले, दादा नाही. माझी पाळी आली तेव्हा हुआहुआ आमच्याकडे पाठ करून बसली होती. माझ्यापुढची बाई मात्र तिची पाठ बघून रडली. चेष्टा करायचा मोह झाला होता, पण ताडोबात वाघीण जिप्सीसमोरून गेल्यावर मीही रडले आहे. फरक इतकाच की तिथे वाघीण दिसेल याची खात्री नव्हती.

दादा मला संग्रहालयाच्या भागात सापडला, एका फलकासमोर. या केंद्राची सुरुवात १९८७ साली सहा पांड्यांपासून झाली. सगळे जंगलातून उचलून आणलेले, आजारी, उपाशी. उपाशी का, तर बांबू फुलला होता.

आता दादाची गाडी सुरू झाली. बांबूला फुलोरा काही दशकांतून एकदा येतो, आणि एका जातीचा सगळा बांबू एका वेळी फुलतो, बी धरतो, मरतो. आपल्याकडे मिझोराममध्ये बांबू फुलला की बियांवर उंदीर माजतात आणि मग पिकं जातात, हे पुष्कळांनी वाचलेलं असतं. इथे उत्तर सिचुआनच्या मिन डोंगरांत १९७५-७६ मध्ये बांबू फुलला आणि निदान १३८ पांडे मेलेले सापडले. १९८३ मध्ये चियोंगलाई डोंगरांतला बाण-बांबू फुलला. देशभरातून वर्गणी गोळा झाली, उपाशी पांडे पकडून खाली आणले गेले.

"पण बांबू तर हजारो वर्षं फुलतो आहे," दादा म्हणाला. "तेव्हा हे काय खात होते?"

याचं उत्तर फलकावर नव्हतं. तिथल्या एका इंग्रजी बोलणाऱ्या विद्यार्थी स्वयंसेवकाला त्याने दुसरा प्रश्न टाकला: इथे जन्मलेल्यांपैकी जंगलात किती जातात? मुलगा प्रामाणिक निघाला. जवळजवळ कोणीच नाही, म्हणाला, आणि वोलोंगला जा असंही सुचवलं. आम्ही जाणारच होतो.

परतताना लाल पांडे दिसले. ते इथे माणसांच्या रस्त्यावरून बिनधास्त इकडून तिकडे जातात. हे मात्र आपल्याकडचेही रहिवासी. दार्जिलिंगच्या पद्मजा नायडू प्राणिसंग्रहालयात त्यांच्या प्रजननाचं चांगलं काम चालतं. मोठ्या पांड्याशी नावापलीकडे आणि बांबूच्या आवडीपलीकडे त्यांचं जवळचं नातं नाही. कोणी त्यांच्याकडे फारसं बघत नव्हतं.

गुरुवार : दुजियांगयान

मेट्रोच्या २ नंबरच्या लाइनचं टोक शीपू. तिथून वेगवान रेल्वेने छिंगचेंगशान अर्ध्या-पाऊण तासात. पांडा केंद्र स्टेशनजवळच, डोंगराच्या पायथ्याला. हे चेंगडूच्या केंद्राचं भावंड नाही. वेगळ्या संस्थेचं आहे, जिचा मूळ मुक्काम वोलोंगला. इथे मुख्यतः सुटका करून आणलेले, आजारी आणि म्हातारे पांडे ठेवतात. गर्दी नाही. एका कुंपणाशी अर्धा तास एकटं उभं राहता येतं, आणि मला विचाराल तर चेंगडूच्या केंद्रापेक्षा हे कितीतरी बरं.

पानपान नावाचा नर इथेच २०१६ च्या डिसेंबरमध्ये वारला, एकतीस वर्षांचा होऊन. जंगलात पांडे साधारण वीस वर्षं जगतात. याची मुलं, नातवंडं, पतवंडं मिळून १३० हून अधिक, म्हणजे त्या वेळच्या पाळीव पांड्यांतला चौथा हिस्सा एकट्याचा वंश. दादाने लगेच ओळखलं की ही अडचण आहे. आईवडिलांच्या जोड्या लावताना इथे वंशावळीची वही समोर ठेवावी लागते, नाहीतर सगळे एकमेकांचे चुलतभाऊ.

एका खिडकीत त्यांची 'भाकरी' करून ठेवलेली दिसली. मका, सोयाबीन, तांदूळ यांच्या पिठाचे वाफवलेले पिवळसर गोळे. बांबूत जे कमी पडतं ते यातून जातं. रखवालदाराने काठीच्या टोकाला लावून गजांतून गोळा दिला. पांड्याने तो चवीने खाल्ला, बांबू खाताना न दिसलेल्या घाईने.

पूर्वी पैसे भरून पांड्याला कुशीत घेऊन फोटो काढता यायचा. आता बंद आहे, आणि बंद केलं ते योग्यच. २०१४ च्या अखेरीस शान्सी प्रांतातल्या एका केंद्रात कॅनाइन डिस्टेंपरची साथ आली आणि काही पांडे दगावले. कुत्र्यांचा हा आजार. २०१८ मध्ये गीरच्या सिंहांत तोच शिरला होता. ताडोबाच्या आसपासच्या गावांतल्या कुत्र्यांना लस टोचायची धडपड का चालते, हे दादाने मला इथे, चीनमध्ये, पुन्हा एकदा समजावलं. फोटो काढायला आलेल्या एका तरुण जोडप्याने आमच्याकडे वळून पाहिलं. मराठीत भांडण चालू आहे असं त्यांना वाटलं असावं.

दुपारी गावातली धरणाशिवायची धरणव्यवस्था पाहायला गेलो. इसवी सनापूर्वी २५६ च्या सुमारास ली बिंग नावाच्या सुभेदाराने मिन नदीचे दोन भाग केले. मध्ये माशाच्या तोंडासारखा निमुळता बांध घातला. एक प्रवाह पूर वाहून न्यायला, दुसरा शेतीला. मूळ रचनेत धरण नाही, दरवाजे नाहीत. बावीसशे वर्षांनंतरही चेंगडूचं मैदान याच पाण्यावर पिकतं. २००० साली हे युनेस्कोच्या यादीत गेलं. मी झुलता पूल ओलांडून नदीचे फोटो काढत होते आणि दादा काठावर एका लांबोळ्या टोपलीपाशी गुडघ्यांवर बसला होता. बांबूच्या कामट्यांची विणलेली, माणसाहून लांब, आत नदीतले गोटे भरलेली. तो बांध अशा टोपल्या एकावर एक रचून बांधला होता. पाण्याचा जोर आला की टोपली थोडी दबते, थोडी सरकते, पण फुटत नाही.

"सिमेंट फुटलं असतं," दादा म्हणाला. त्या दिवशी पांड्यांपेक्षा याच गोष्टीवर तो जास्त बोलला, आणि मीही ऐकलं.

शुक्रवार : वोलोंग

दुजियांगयानहून गाडी केली. मिन नदीच्या काठाने बोगद्यांमागून बोगदे. यिंगशिऊला गाडी थांबवली. १२ मे २००८ च्या दुपारी दोन वाजून अठ्ठावीस मिनिटांनी झालेल्या भूकंपाचं केंद्र हेच. तिथल्या शाळेची कोसळलेली इमारत तशीच ठेवली आहे, वाकलेल्या मजल्यांसकट, आणि समोर २ वाजून २८ मिनिटांवर थांबलेल्या घड्याळाचं शिल्प. मेलेले आणि बेपत्ता मिळून सुमारे ८७ हजार माणसं. आम्ही थोडा वेळ थांबलो आणि निघालो. आमच्याबरोबर आत आलेला ड्रायव्हर आधीच बाहेर जाऊन सिगारेट ओढत होता.

तेव्हा वोलोंगचं केंद्र आणखी आत, हतावपिंग इथे होतं. डोंगर खाली आला, पिंजरे गाडले गेले. रखवालदारांनी पिल्लं हातात घेऊन बाहेर काढली. मावमाव नावाची मादी भिंतीखाली सापडून मेली. उरलेल्यांना या-आनजवळच्या बिफेंगशियाला हलवलं. नवं केंद्र हाँगकाँगच्या पैशातून गेंगदा गावाजवळ शेनशुपिंगला बांधलं आणि ते २०१६ मध्ये लोकांसाठी उघडलं. उंची सुमारे १७०० मीटर. खाली नदी, वर ढगात घुसलेले डोंगर, आणि कुंपणं त्याच उतारांवर. चेंगडूत पांड्याच्या मागे भिंत दिसते. इथे त्याच्या मागे त्याचं जंगल दिसतं.

गर्दी इथेही एका कुंपणापुढे होती. फुबाव ही दक्षिण कोरियात २०२० मध्ये जन्मलेली मादी. परदेशात जन्मलेली पिल्लंही करारानुसार चीनचीच, म्हणून २०२४ च्या एप्रिलमध्ये ती इथे आली. तिला भेटायला कोरियातून विमानाने माणसं येतात. मोठाल्या लेन्स लावलेल्या बायका सकाळपासून जागा धरून होत्या. १९७२ मध्ये अमेरिकेला दोन पांडे भेट म्हणून गेले, ते दिवस आता नाहीत. १९८४ पासून ते उसने जातात, साधारण दहा वर्षांच्या करारावर. जोडीमागे वर्षाला दहा लाख डॉलरच्या आसपास. हा पैसा संवर्धनाला जायचा असतो. राजकारण त्यात आहेच, ते कोणी नाकारतही नाही.

पण आम्ही इथे आलो होतो ते त्या विद्यार्थ्याने अर्धवट दिलेल्या उत्तरासाठी. केंद्राच्या दालनात ते सगळं मांडलं आहे. पिंजऱ्यात जन्मलेला पहिला पांडा २००६ मध्ये जंगलात सोडला, शियांगशियांग नावाचा नर. काही महिन्यांत, २००७ च्या सुरुवातीला, तो मेलेला सापडला. जंगली नरांशी झालेल्या झटापटीनंतर. त्याला खायला येत होतं, लढायला येत नव्हतं. मग पद्धत बदलली. आता आईसकट पिल्लाला डोंगरातल्या मोठ्या कुंपणात ठेवतात, शिकवायचं ते आई शिकवते. माणसाला जवळ जावंच लागलं तर तो पांड्याचं सोंग अंगावर चढवून जातो, वर पांड्याचं मूत फासून. फोटो पाहून हसू येतं. पण याच पद्धतीने वाढलेला तावताव २०१२ मध्ये लीझीपिंगच्या जंगलात सोडला आणि पाच वर्षांनी पकडून तपासला तर धडधाकट होता. आजवर असे दहा-बारा सोडले गेले असतील. पाळीव पांडे मात्र सातशेंच्या वर आहेत.

दादा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "वाघ पिंजऱ्यात वाढवणं अवघड नाही. जंगल वाढवता येत नाही."

बांबू फुलल्यावर पूर्वी पांडे काय खायचे, या त्याच्या प्रश्नाचं उत्तर त्याला एका नकाशापाशी सापडलं. जॉर्ज शॅलर, ज्यांनी १९६०च्या दशकात कान्हात वाघांचा अभ्यास केला तेच, १९८० नंतर इथे आले आणि हू जिनचू या चिनी प्राणिशास्त्रज्ञांसोबत काम करू लागले. हूंनी १९७८ मध्येच वर डोंगरात, अडीच हजार मीटरवर, वूयीपेंग नावाची छावणी टाकली होती. पांडा सहसा दिसायचाच नाही, म्हणून त्यांनी त्याची लीद तपासली. लिदीत बांबूचे तुकडे न पचता तसेच येतात आणि प्रत्येक पांड्याच्या चावण्याची लांबी वेगळी असते. तुकडे मोजायचे आणि कोण कुठून गेला ते ओळखायचं. यावरच पुढे देशभराची गणना उभी राहिली. नंतर त्याच लिदीतून डीएनए काढायला लागले. पावलांच्या ठशांवर वाघ मोजलेल्या एखाद्या माणसाला हे सांगून दादाला सुख वाटलं असतं, पण त्याने मलाच ते तीनदा सांगितलं.

या लोकांना असं दिसलं की वोलोंगचा पांडा वर्षभर वरच्या उतारावर बाण-बांबू खातो, आणि वसंतात खाली उतरून छत्री-बांबूचे कोंब खातो. दोन उंची, दोन जाती. एक जात फुलून मेली तर पांडा दुसरीकडे जायचा. हजारो वर्षं असंच चाललं. पण खालचे उतार शेतीला गेले, मधली जंगलं तोडली गेली, आणि १९८३ मध्ये वरचा बांबू फुलला तेव्हा खाली जायला काही ठिकाणी खालीच काही उरलं नव्हतं. फुलोरा हे निमित्त होतं. १९९८ मध्ये यांगत्सेला मोठा पूर आल्यावर चीनने नैसर्गिक जंगलांतली तोड बंद केली आणि पुढच्याच वर्षापासून उतारावरच्या शेतकऱ्यांना झाडं लावायचे पैसे द्यायला सुरुवात केली. पुराच्या भीतीने घेतलेल्या त्या निर्णयाने पांड्यांचं जे भलं केलं ते प्रसूतिगृहांनी केलं असेल असं मला वाटत नाही.

चौथ्या गणनेत, २०१५ मध्ये, जंगलातले पांडे १८६४ भरले. पुढच्या वर्षी त्यांना 'संकटग्रस्त' यादीतून एक पायरी खाली, 'असुरक्षित' गटात आणलं. पण ते ३३ तुकड्यांत विखुरलेले आहेत, रस्ते आणि दऱ्या मध्ये. २०२१ मध्ये सिचुआन, शान्सी आणि गान्सू मिळून सुमारे बावीस हजार चौरस किलोमीटरचं पांडा राष्ट्रीय उद्यान जाहीर झालं, ते हे तुकडे जोडायला. ताडोबा-नवेगाव-कान्हाच्या संचारमार्गांबद्दल विदर्भात जी भांडणं चालतात, रस्ते, कालवे, खाणी, तीच इथे दुसऱ्या भाषेत.

दालनात नसलेली एक गोष्ट मी घरून वाचून आले होते. पांडा वाचवला की त्याच्या सावलीत बाकीचं जंगल वाचतं, असं सगळीकडे सांगतात. पक्षी, बेडूक, सोनेरी माकडं यांच्याबाबत ते बरंचसं खरं आहे. पण २०२० मध्ये चिनी आणि परदेशी संशोधकांनी मिळून केलेल्या अभ्यासात दिसलं की पांड्याच्या राखीव जंगलांतून बिबटे, लांडगे आणि रानकुत्री मोठ्या प्रमाणावर गेली आहेत. पांड्याला पुरतील एवढी राखलेली जंगलं शिकारी प्राण्यांना पुरत नाहीत. दादाला रानकुत्र्यांचं वाईट वाटलं. गडचिरोलीत त्यांच्या टोळ्या त्याने पाहिल्या आहेत.

संध्याकाळ होण्याआधी गावामागच्या वाटेने थोडं वर चढलो, फार नाही, जिथपर्यंत जायला परवानगी आहे तिथपर्यंत. डोक्यापर्यंत येणारा बारीक बांबू, करंगळीएवढी काठी. दादाने पान उलटून पाहिलं, पेराशी नख लावलं, खोड वाकवून सोडलं. "याला कूपात कोणी विचारलं नसतं," म्हणाला. मला त्या दिवशी जंगली पांडा दिसला नाही, दिसायची अपेक्षाही नव्हती. २०१९ मध्ये इथल्या एका कॅमेरा ट्रॅपमध्ये पांढरा शुभ्र, लाल डोळ्यांचा पांडा आला होता. आयुष्यभर इथे काम केलेल्यांनीही तसा पाहिलेला नव्हता.

शनिवार : पुन्हा चेंगडू

सकाळी वेनशू मठ. वेनशू म्हणजे आपला मंजुश्री. आवारात शाकाहारी भोजनालय आहे आणि दादाने आठवड्यातलं पहिलं पोटभर जेवण तिथे घेतलं. त्यात बांबूचे कोंबही होते. विदर्भात पावसाळ्यात वास्ते म्हणून आपण करतो तेच, फक्त आंबट न करता. दोनदा मागून घेतले. दुपारी पीपल्स पार्कमधल्या चहाघरात वेताच्या खुर्च्यांवर बसलो. झाकणाचा कप, गरम पाणी हवं तितकं, आणि कानातला मळ काढणारे चिमटे वाजवत फिरत होते. दादाने कान दाखवायला साफ नकार दिला.

जाणाऱ्यांसाठी थोडंसं. मुलं बरोबर असतील आणि एकच दिवस असेल तर चेंगडूचं केंद्र, सकाळी साडेसातला, आणि हुआहुआची रांग सोडून द्या. शांतपणे पांडा बघायचा असेल तर दुजियांगयान; त्याच दिवशी नदीही पाहून होते. वोलोंगला एक मुक्काम ठेवा, एका दिवसात जाऊन येण्यात सगळा वेळ बोगद्यांत जातो, आणि गरम कपडे न्या. ऑक्टोबरचा पहिला आठवडा टाळा, तेव्हा अख्खा चीन सुटीवर असतो. नोव्हेंबर उत्तम, पिल्लंही बघण्याजोगी झालेली असतात. रोख पैसे कोणी घेत नाही असं नाही, पण अलीपे या मोबाइलवरून पैसे भरायच्या चिनी ॲपवर आपलं कार्ड भारतातूनच जोडून न्या. आणि पासपोर्ट हॉटेलात ठेवून निघू नका, तो इथे प्रत्येक फाटकावर लागतो.